दारिंका आणि चुकलेलं द्विवचन

परवा दारिंका झुपानच्या निरोप समारंभात एका गृहस्थांनी तिला 'साहित्याची मृदुभाषी सखी' म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. दारिंका माझ्या शेजारीच होती, कारण स्टेजवर बसायला तिनं साफ नकार दिला होता. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "शैला, मेलंय कोण?"

तेव्हा मला हसू आलं, पण घरी पोचेपर्यंत संताप झाला होता. लग्न होऊन करमाळ्याहून स्लोव्हेनियात आल्यावर अकरा वर्षं मी या बाईच्या समोरच्या टेबलावर बसून तिची पत्रं टाइप केली, तिचे फोन घेतले, तिनं भिरकावलेली बाडं जमिनीवरून गोळा केली. ही मृदुभाषी? हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा, आणि तो राग हेच हिचं भांडवल होतं. माणूस निवृत्त झालं की त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवायची ही जी खोड आहे ना, ती मला सहन होत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

दारिंका लेखकांची एजंट. लेखकानं बाड पाठवायचं, तिनं वाचायचं, पसंत पडलं तर प्रकाशकाकडे न्यायचं, भांडून करार करून द्यायचा आणि जमलं तर परदेशी भाषेत पुस्तक खपवायचं. वीस लाख माणसांच्या देशात हा धंदा करायचा म्हणजे वेडच. टॅक्सीवाले विचारायचे, "एजंट? तो फुटबॉलवाल्यांना असतो ना?" प्रकाशक तोंडावर 'झुपानबाई' म्हणायचे आणि पाठ वळली की दलालीण. दारिंकाला ते ठाऊक होतं. यसेनित्सेच्या पोलाद कारखान्यातल्या भट्टीवाल्याची ही मुलगी. ती म्हणायची, "दलाल तर दलाल. निदान माल तपासून घेते."

तपासायची तिची रीत सगळ्यांपेक्षा वेगळी होती. सगळे एजंट पहिली तीन प्रकरणं मागतात. दारिंका पूर्ण बाड मागायची आणि बरोबर मधोमध उघडायची. "पहिली तीन प्रकरणं म्हणजे पाहुण्यांची बैठकीची खोली," ती म्हणायची. "मला तुमचं स्वयंपाकघर दाखवा." मधलं एक पान ती उभ्यानं वाचायची. बसली, की समजायचं बाडात काहीतरी आहे. अकरा वर्षांत मी तिला बसलेलं तीस-पस्तीस वेळाच पाहिलं.

सोबतच्या पत्रांचा तिला तिटकारा. 'हे वाचून माझी बायको रडली' असं कुणी लिहिलं की ती ओरडायची, "रडेल नाहीतर काय! याच्याशी लग्न केलंय तिनं!" आणि ज्याचं बाड आवडलंय अशा लेखकाला ती समोर बसवून एकच प्रश्न विचारायची: यातून तुम्ही काय गाळलंत? एक हृदयाचे डॉक्टर आले होते, सातशे पानं घेऊन. ते अभिमानानं म्हणाले, "काहीही नाही. सगळं आलंय." दारिंकानं "दिसतंय" म्हणून सातशेच्या सातशे पानं त्यांच्या मांडीवर ठेवली. काय गाळलं हे ज्याला सांगता येतं, त्यालाच काय ठेवलं हे माहीत असतं, असं तिचं म्हणणं होतं. मला ते तेव्हाही पटायचं आणि आजही पटतं.

इर्मा कोबालचं बाड आलं ते किराणा दुकानाच्या कापडी पिशवीतून. सोबत पत्र नाही, फक्त नाव, गाव आणि फोन. इर्मा अडुसष्ट वर्षांची, विधवा, क्रासच्या पठारावरच्या एका खेड्यात राहणारी. सारा जन्म तिनं रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढला होता. कादंबरीचं नाव 'खालचं शेत'. युद्ध नुकतंच संपलंय, आणि दोन बहिणी एका दगडी घरात एकट्या राहतायत. मोठी बहीण गोष्ट सांगते. दारिंकानं मधोमध उघडलं, अर्धं पान वाचलं, आणि खुर्ची न बघताच खाली बसली. मग तिनं उलट मागे वाचत जायला सुरुवात केली. एक पान मागे, आणखी एक पान मागे. आणि एकदम टेबलावर हात आपटून म्हणाली, "शैला, इथं! एकशे त्रेचाळीसावं पान! या बाईनं इथं केलंय!"

काय केलंय ते सांगण्यासाठी थोडं व्याकरण सांगावं लागेल. घाबरू नका. शाळेत संस्कृतच्या तासाला आपण रामः रामौ रामाः घोकलं. त्यातलं मधलं 'रामौ' म्हणजे द्विवचन, दोघांसाठीचं रूप. आपण परीक्षा झाल्यावर ते विसरलो. स्लोव्हेनियन माणसाच्या तोंडात ते रोज असतं. 'आम्ही' म्हणताना दोघं असतील तर क्रियापदाबरोबर 'स्वा' येतं, तिघं किंवा जास्त असतील तर 'स्मो'. नवराबायको भांडताना 'स्वा', पोर झालं की त्याच घरात 'स्मो'.

इर्माच्या पुस्तकात एकशे बेचाळीस पानं, सुरुवातीची एखाद-दुसरी चूक सोडली तर, मोठी बहीण 'स्वा' म्हणते. आम्ही दोघी उठलो, आम्ही दोघींनी बटाटे काढले, आम्ही दोघी गप्प राहिलो. धाकटीला दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही. गावात तोंड दाखवायला जागा नाही आणि दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. आणि एकशे त्रेचाळीसाव्या पानावर मोठी सांगते: अंधार पडला आणि आम्ही जेवायला बसलो. तिथं 'स्मो' आहे. दार वाजत नाही, कुणी येत नाही. पण तिथून शेवटच्या पानापर्यंत 'स्मो'च. मोठीनं पोटातल्या जिवाला घरात मोजलं. बस, एवढंच. रडारड नाही, भाषण नाही.

दारिंकानं इर्माला बोलावून तोच प्रश्न विचारला. इर्मा कोटाची बटणंसुद्धा न काढता बसली होती. ती म्हणाली, "तिसऱ्याचं नाव गाळलंय, बाई." इर्मा बोलायची ती क्रासची बोली. ती मला आमच्या करमाळ्याच्या बोलीसारखीच ऐकू येते, म्हणून मी तशीच लिहिणार आहे. ती गेल्यावर दारिंका मला म्हणाली, "हिच्यासाठी मी आणखी दहा वर्षं हा धंदा करायला तयार आहे." ल्युब्ल्यानातल्या एका जुन्या प्रकाशनसंस्थेचा संचालक ग्रेगोर म्लाकार, त्याच्याकडे तिनं बाड दिलं. म्लाकारनं घेतलं. आम्ही दोघींनी त्या दुपारी खालच्या टपरीवरून चीज भरलेले गरम बुरेक आणून खाल्ले आणि दारिंका चक्क गाणं गुणगुणली.

आता इथली एक पद्धत. इथं कुठलंही पुस्तक लेक्तोरच्या हाताखालून गेल्याशिवाय छापत नाहीत. लेक्तोर म्हणजे भाषा तपासणारा. त्यानं खोडलं की खोडलं. मोठमोठे लेखकसुद्धा लेक्तोरपुढे शाळकरी पोरासारखे उभे राहतात. छोटी भाषा, चहूबाजूंनी मोठ्या भाषा, म्हणून जपणूक. इथपर्यंत मला समजतं. पुढचं समजत नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा आम्ही जर्मनीतल्या पुस्तकमेळ्यातून परतत होतो. प्रती कार्यालयाच्या दारात गठ्ठ्यानं पडल्या होत्या. दारिंकानं जिन्यातच दोरी तोडली, एक प्रत घेतली, सवयीप्रमाणे मधोमध उघडली. मी दोन बॅगा घेऊन तिच्या मागे. ती हलेना. मी म्हटलं, "अगं, वर तर चल." तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. छापील पुस्तकातही पान तेच पडलं होतं: एकशे त्रेचाळीसावं पान. अंधार पडला आणि आम्ही जेवायला बसलो. 'स्वा'.

पुढच्या पानावर 'स्वा'. त्याच्या पुढच्या पानावर 'स्वा'. शेवटपर्यंत एकसष्ट ठिकाणी तिसरा जीव पुसून टाकला होता. आणि कसा, तर अगदी शुद्ध!

दारिंकाच्या तोंडून त्या जिन्यात जे निघालं ते मी मराठीत लिहू शकत नाही आणि स्लोव्हेनियनमध्ये लिहिलं तर नवरा मला घराबाहेर काढेल. खालचा किल्ल्या बनवणारा दुकानाबाहेर आला आणि तसाच आत गेला.

लेक्तोरचं नाव विन्को श्केर्ल. निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर, चौथ्या मजल्यावर राहणारे. दारिंका लिफ्टची वाट न बघता चढली. मी मागून धापा टाकत. त्यांनी दार उघडलं, आमचे कोट घेतले, जांभळ्या बेरींच्या दारूचे छोटे ग्लास भरले. दारिंकानं ग्लास बाजूला सारून पुस्तक आपटलं.

"श्केर्लसाहेब, हे काय केलंत?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "अच्छा, हे! क्रासच्या बाई ना? चांगलं लिहितात. पण तुम्हाला तर माहीत आहे, त्या बाजूला बायकांच्या बोलण्यात द्विवचन राहिलेलंच नाही. एकशे बेचाळीस पानं बिचारीनं सांभाळलं, मग थकली. मी सगळं सारखं करून दिलं."

"थकली?" दारिंकाचा आवाज चिरकला. "थकली? ती एकशे बेचाळीस पानं तुमच्यासारख्यांची भाषा नेटानं लिहिते, आणि त्रेचाळीसाव्या पानावर मुद्दाम सोडते, ते तुम्हाला थकणं वाटलं?"

"तिथं तिसरं माणूस आहे कुठं? दाखवा. कुणी दारातून येतं?"

"पोटात आहे! धाकटीच्या पोटात!"

श्केर्लसाहेबांनी एकशे त्रेचाळीसावं पान वाचलं, मग मागची चार पानं, मग पुन्हा ते पान. त्यांचा चेहरा पडला. ढोंग नव्हतं ते. चाळीस वर्षं मुलांना द्विवचन शिकवलेला माणूस, करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मला क्षणभर दया आली, आणि लगेच राग आला. शाळेत मी 'पानी' म्हटलं म्हणून बाईंनी माझ्या तळहातावर पट्टी मारली होती. त्यासुद्धा अशाच सज्जन होत्या, अशाच भाषेवर प्रेम करणाऱ्या. सज्जन माणसं हे जे करतात ना, त्याला औषध नाही. दुर्जनाशी निदान भांडता तरी येतं.

श्केर्लसाहेब हळूच म्हणाले, "मला शंका आली होती, झुपानबाई. खरं सांगतो. इतकी शिस्त, आणि एकदम अशी मोकळी सुटते? मी म्लाकारांना फोन केला होता. म्हटलं, लेखिकेला विचारू या का. तर ते म्हणाले, गरज नाही, एजंटनंच लिहून दिलंय. त्यांनी मला पत्राची प्रत पाठवली."

ते आतून एक कागद घेऊन आले. मी तो लांबूनच ओळखला. टाइप मीच केला होता.

'हस्तलिखित अस्सल आहे. लेखिका क्रासच्या असल्यामुळे द्विवचनाचं भान कुठं कुठं सुटतं, पण ते तुमचे लेक्तोर सांभाळून घेतीलच.' खाली सही, दारिंका झुपान.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पहिल्या पन्नास पानांत तीन-चार ठिकाणी खरंच चूक होती, चुलीपाशी, विहिरीपाशी. ती म्लाकारच्या लक्षात आली तर तो म्हणेल, एजंटला एवढंही दिसलं नाही का? म्हणून आपणच आधी हसून सांगून टाकायचं. माल विकताना दुकानदार म्हणतो ना, जरासा डाग आहे पण धुतल्यावर जाईल. तसं. दारिंकानं ते वाक्य मला उभ्या उभ्या सांगितलं होतं, एका हातात कॉफी घेऊन. मी ते मुकाट टाइप केलं. त्रेचाळीसाव्या पानाचं मलाही माहीत होतं. माझ्याही डोक्यात आलं नाही. हा माझा वाटा, तो मी कुणाच्या पदरात टाकत नाही.

दारिंकानं पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं, समोरचा ग्लास एका घोटात संपवला आणि "येते" एवढंच म्हणाली.

तिथून थेट म्लाकारकडे. म्लाकार पन्नाशीचा, उंची स्कार्फ घालणारा. तो आम्हाला बघून उठला, "अभिनंदन! कळलं ना? पुस्तक पुरस्काराच्या शेवटच्या पाचात आलंय! परीक्षकांना मी आधीच प्रूफं पाठवली होती, त्यांना फार आवडलं. दोन बहिणींचा एकांत, ते गोठलेलं दुःख—"

"एकांत तुझ्या लेक्तोरनं घातलाय," दारिंका म्हणाली. "सगळ्या प्रती परत मागव. रद्दीत घाल. पुन्हा छाप."

म्लाकारनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "दारिंका, छापलेली आवृत्ती मागे घेतली की पुस्तक यादीतून बाहेर. नियम आहे तसा. त्यापेक्षा पुरस्कार होऊन जाऊ दे, दुसऱ्या आवृत्तीत बघू. शिवाय प्रूफं लेखिकेला गेली होती. तिनं प्रत्येक पानावर सही केलीय. ती सांगत असेल तर परत घेतो. तू सांगून नाही. आणि तू, माफ कर, तूच तर लिहिलं होतंस."

"माहितेय मी काय लिहिलं ते!" दारिंका एवढ्या जोरात ओरडली की बाहेरच्या मुलीनं दार उघडून पाहिलं.

म्हणजे आता सगळं इर्मावर आलं. तिनं 'परत घ्या' म्हटलं तर आयुष्यात एकदाच दारात आलेला मान जाणार. नाही म्हटलं तर तिचं पुस्तक देशभर वाचलं जाणार, त्यातल्या तिसऱ्या जिवाशिवाय. पुढे काय झालं ते सांगून टाकते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पुस्तक यादीतून निघालं, प्रती रद्दीत गेल्या, नव्यानं छापलं गेलं, पुरस्कार एका तरुण कवयित्रीला मिळाला. ते सगळं वर्तमानपत्रात आलं. वर्तमानपत्रात जे आलं नाही ते इर्माच्या स्वयंपाकघरात घडलं, दुसऱ्या दिवशी दुपारी.

गाडीत मी दारिंकाला म्हटलं, "पत्राचं नको सांगूस. काय फायदा? म्हातारी दुखावेल."

"शैला," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांना विचारतेय, काय गाळलंत. आणि आता मीच गाळू?"

क्रासवरचा तो बुर्या नावाचा थंडगार, सोसाट्याचा वारा सुटला होता. छपरावरच्या कौलांवर ठेवलेले दगड खडखडत होते. इर्मानं आम्हाला आत घेतलं, चुलीवर घेवड्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं कालवण शिजत होतं, तीन वाट्या तिनं भरून पुढ्यात ठेवल्याच. टेबलावर तिची प्रत होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.

दारिंकानं विचारलं, "इर्माबाई, प्रूफं आली तेव्हा बघितलीत ना?"

"बघितली की."

"त्रेचाळीसावं पान बघितलंत?"

इर्मा कालवण ढवळत राहिली. "बघितलं."

"मग? सही का केलीत? फोन का नाही केलात? मला एक फोन करायला काय झालं होतं?" दारिंका आता उभी राहिली होती. तिच्यातला राग असा आला की कुणावर ओतायचा ते तिला कळत नव्हतं. "तुमचं पुस्तक आहे! दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या! गप्प कशा बसलात तुम्ही?"

"वरडू नका, बाई. बसा." इर्मानं ज्योत बारीक केली आणि स्वतः बसली. "मला वाटलं माझंच चुकलं आसंल. शाळंत गुरुजी म्हनायचे, इर्मे, तुला दोन आनि तीन कळत न्हाईत का? समदी पोरं हसायची. मी खिडकीवर बसले तवाबी शहरातली मान्सं हसायची. म्हनलं, शिकल्याल्या मान्सानं खोडलंय, म्हंजी तेच बरूबर."

"पण तुम्हाला ठाऊक होतं तिथं तिघं आहेत!"

"ठाव नसंल व्हय?" इर्मा म्हणाली. आणि मग जे ती म्हणाली ते दारिंकाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. "ती तिसरी मीच की."

मी चमचा खाली ठेवला.

"धाकटी म्हंजी माजी आई. मोठी म्हंजी मावशी. आईला मी नको व्हते. म्हैनाभर ती कुनाकुनाला इचारत हिंडत व्हती, काय करावं म्हनून. मावशी ल्युब्ल्यानात एका वकिलाच्या घरी कामाला राहिल्याली, तिला तुमचं ते दोघींचं बोलनं येत व्हतं. आईला हसायला म्हनून घरात तसंच बोलायची. एक दिस सांजच्याला मावशीनं ताटं वाढली आनि म्हनाली, बसा, आमी जेवतो आता. तिथं तिनं 'स्मो' म्हनलं. आई तिच्याकडं बघतच राहिली. मग लई रडली. दुसऱ्या दिसापासनं कुनाकडं गेली न्हाई. मावशीनं मरताना मला सांगितलं हे. त्या एका शब्दावर मी जगले, बाई. तोच खोडला त्यांनी. मी बघितलं, आनि सही केली."

बाहेर वारा. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: साठ वर्षं एखाद्या माणसाला 'तू चूक बोलतेस' म्हणून सांगत राहिलं की ते स्वतःलाच खोडतं आणि खाली सही करून देतं.

दारिंकानं पर्स उघडली. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिनं तो झटकला आणि पत्र इर्मापुढे ठेवलं.

इर्मानं ते बोट फिरवत वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वर केली.

"हे तू लिवलंस?"

आतापर्यंत ती दारिंकाला 'तुम्ही' म्हणत आली होती.

"हो," दारिंका म्हणाली.

"त्यांना ठाव नव्हतं. तुला ठाव व्हतं."

"हो."

"मंग कशापायी लिवलंस?"

"म्लाकारसमोर मला शहाणं दिसायचं होतं," दारिंका म्हणाली. तिनं आवाज खाली नेला नाही, नजरही नाही. "तुमची चूक मला आधी दिसली, असं त्याला दाखवायचं होतं."

इर्मा उठली. एवढं मोठं झालेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दोन हात टेबलावर टेकून ती बोलली ते क्रासच्या बोलीत, भराभर, आणि त्यातलं निम्मं मला कळलं नाही. जे कळलं त्यात होतं: गुरुजी तरी तोंडावर हसत व्हते. तू माज्या घरात बसून माजं जेवलीस, माज्यापुढं वा वा केलीस, आनि तिकडं लिवून दिलंस, हिला बोलता येत न्हाई म्हनून. तू शहानी. तू! दारिंका हललीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकत होती. शेवटी इर्माचा श्वास संपला.

मी म्हटलं, "इर्माबाई, ते यादीचं... विचार करा. पुन्हा छापायला सांगितलंत तर—"

"ठाव हाय मला." तिनं भिंतीवरच्या फोनकडे जाऊन नंबर फिरवला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून तिच्या फोनचा आवाज मोठा असायचा, खोलीभर ऐकू येत होतं. म्लाकारच बोलला.

"कोबालबाई! अभिनंदन! काल झुपानबाई आल्या होत्या, मी त्यांना म्हटलंच की निर्णय तुमचा—"

"माजाच हाय," इर्मा म्हणाली. "समद्या प्रती मागं घ्या. आमी येतोय तिकडं, आत्ता, कागदावर सही कराया."

तिनं अनेकवचन वापरलं होतं. म्लाकारला वाटलं, इर्मा आणि दारिंकाच येणार; इथली सभ्य माणसं करतात तसं त्यानं ते हळूच सुधारून घेतलं. "तुम्ही दोघी येताय तर," तो म्हणाला, द्विवचनात, अगदी मऊ आवाजात. "बरं, बरं, मी थांबतो."

"तिघी," इर्मा म्हणाली. "मला मोजता येतं."

तिनं फोन ठेवला, खुंटीवरचा कोट घेतला, चूल विझवली. दारिंकाकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला म्हनावं, गाडी काढ."